गणोजींची चढती पट्टी

देवासच्या कारखान्यांत गणोजींनी एक्केचाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लोखंडी भागाचा लाकडी जुळा. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. भागावर नाव उमटायचं कंपनीचं, आणि पॅटर्न झिजला की जायचा सरपणात. गणोजींना त्याचं काही वाटत नसे, असं ते सांगत. त्यांच्या बायकोला, इंदूला, विचाराल तर ती वेगळं सांगेल.

या धंद्यात पट्ट्या दोन लागतात. लोखंड थंड होताना शंभराला एक आखडतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठीची पट्टी मुळातच शंभराला एक जास्त आखलेली असते. गणोजी तिला चढती पट्टी म्हणत आणि साधीला खरी. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. धाकट्या भावाची नात ईशानी एक ड्रॉइंग घेऊन आली. धारकडच्या एका कॉलेजात ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

“आबा, विमान बनवायचंय. पॅसेंजरवालं. आवाजापेक्षा फास्ट.”

“बनव की. माझं काय काम?”

“मॉडेल हो! थ्रीडी प्रिंटरवर काढलं तर पंखाची धार वाकडी येते. आमच्याकडे हवेचा बोगदा आहे ना, त्यात ठेवून, जोरात वारा सोडून चेक करायचंय, डिझाइन सही आहे की नाही.”

मग तिनं समजावलं. असल्या विमानाचे पंख पातळ आणि टोकदार. वेगात ते सुसाट जातं, पण खरी परीक्षा उतरताना. कमी वेगात त्या पंखांवर तरंगायचं तर नाक खूप वर धरावं लागतं.

“मग पायलटला समोरचं दिसतं कसं?”

“नीट नाही दिसत.”

“हे कसलं गं डिझाइन?”

“तेच तर तपासायचंय! आणि वर धरलेलं नाक आपोआपच अजून वर जायला लागलं, तर विमान हातातून गेलं समजा.”

तेवीस दिवस गणोजी सागवानाशी झटले. पॅटर्नवाल्याचा हात कडा गोल करायला शिवशिवतो, कारण तीक्ष्ण कडेला वाळू फुटते. ईशानीनं तीनदा ओरडून पंखांच्या कडा धारदार ठेवून घेतल्या. शेवटी पोटाला एक भोक पाडायचं होतं, बोगद्यातली दांडी बसवायला. ते भोक म्हणजे विमानाच्या तोलाची जागा. तिथं चार मिलिमीटर चुकले तर सगळा निकाल फिरेल, असं तिनं बजावलं होतं. भोकाची खूण दोघांनी मिळून केली आणि ईशानी मॉडेल घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी गणोजींनी इंदूच्या कपाटाच्या दाराला काच आणली. माप त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. काच खाचेत बसेना, खाली निसटायला लागली. दुकानदाराच्या नावानं खडे फोडत ते पायात चपला सरकवू लागले आणि सहज हातातल्या पट्टीच्या कोपऱ्यावरच्या खुणेकडे नजर गेली. ती चढती होती. चोराच्या उलट्या बोंबा, आणि चोर आपणच!

“इंदू, खरी पट्टी कुठंय?”

“देवाजवळ. खंडेनवमीला हत्यारं पुजली, ती तेव्हापासून तिथंच आहे. तुम्ही मागितलीच नाहीत.”

देवघरात पट्टी होती. तिच्यावरचं हळदकुंकू वाळून कडक झालं होतं. म्हणजे विमानसुद्धा चढत्याच पट्टीनं झालं! ईशानीला फोन लावला तर बंद. बोगद्यातली परीक्षा आजच होती आणि प्रयोगशाळेत फोन चालत नसे.

“शंभराला एक!” इंदू म्हणाली. “कोण बघायला बसलंय?”

गणोजींनी सदरा चढवला आणि इंदूरची बस पकडली. तिथून दुसरी, धारची. वाटेत त्यांनी हिशेब मांडला. सगळंच विमान चढतं असेल तर आकार तोच, फक्त थोडा मोठा. पण ईशानीनं कॉलेजातून स्टीलची पट्टी आणली होती. भोकाची खूण तिच्या पट्टीनं केली की आपल्या? तिच्या पट्टीनं केली असेल तर तोलच खोटा. धार येईपर्यंत काही केल्या आठवेना.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा परीक्षा संपली होती. ईशानी नाचतच आली.

“आबा! नाक किती पण वर करा, सोडलं की आपोआप खाली येतं! पायलटशी भांडतच नाही!”

गणोजींनी तिचा फुललेला चेहरा पाहिला. तरी त्यांनी सांगितलंच, ईशानीला आणि तिच्या शिखा मॅडमना, पट्टीपासून काचेपर्यंत सगळं. ईशानीचा चेहरा उतरला.

“और ये छेद, दादाजी?” मॅडमनी विचारलं. “किस स्केल से?”

“तेच आठवत नाही, बाई.”

मॅडमनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला. साठ सेंटिमीटरचं विमान सहा मिलिमीटर जास्त भरलं. नाकापासून भोक ड्रॉइंगमध्ये तीनशे सहासष्ट मिलिमीटरवर होतं. गणोजी व्हर्नियरवर वाकले.

“तीन सौ उनहत्तर... पॉइंट सात.”

मॅडमनी कॅल्क्युलेटर उचलायच्या आत गणोजींनी मनात तीनशे सहासष्टात शंभरावा भाग मिळवला होता: बरोबर तीनशे एकोणसत्तर पॉइंट सात. भोकही चढतंच! ते मटकन स्टुलावर बसले. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“बॅलन्स एकदम सही है,” मॅडम म्हणाल्या. “पंखांची उचल दोन टक्के जास्त दिसली होती, ती कमी करून लिहू. लेकिन दादाजी, इतनी दूर आए? किसी को पता नहीं चलता.”

“लोखंड आखडतं, बाई, म्हणून तिथं चढतं माप चालतं. यात उद्या माणसं बसणार.”

ईशानीनं रिपोर्टचं पहिलं पान समोर ओढलं. तिचं मराठी लिहिणं कच्चं, एकेक अक्षर ती कोरत बसली. मग पान आबांकडे फिरवलं. लिहिलं होतं: ‘मॉडेल गणोजींनी देवासला बनवलं. खरी मापं सोबत आहेत.’

गणोजींनी ते दोनदा वाचलं.

“कंपनीचं नाव राहिलं की गं.”

“कंपनी कुठंय, आबा? बनवलं तर तुम्हीच ना.”