आजीचं नाव

युद्ध पेटलेल्या त्या देशातून डॉक्टरकी अर्धवट टाकून मी शहाद्याला परतले, तेव्हा एसटी स्टँडवरच माझा सत्कार झाला. शाल, नारळ, वर हार. मी केलं काय होतं? जीव घेऊन पळाले होते. "पोरगी वाघीण शे!" कुणीतरी ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी घरमालकीण आजी मागे राहिली होती ना. एकटी बाई; खोली भाड्यानं दिली आणि जेवूही घालू लागली. शहराचं पाणी तोडल्यावर टँकरपुढे रांगा लागत. त्या सकाळी मला ताप होता, म्हणून माझा कॅन घेऊन ती गेली. रांगेत बायका, पोरं, म्हातारी माणसं. सैनिक एकही नव्हता. तोफगोळा नेमका तिथेच पडला. मी खिडकीत उभी होते.

मागच्या महिन्यात एका आंतरराष्ट्रीय तपास पथकाचा फोन आला. तो हल्ला युद्धगुन्हा म्हणून कोर्टात उभा करायचाय, साक्ष द्याल का? पप्पा केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. म्हणाले, "शहाना मानुसनी कोर्टनी पायरी चढू नही. तुन्हं लगन बाकी शे." खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिना हातनं खादं ना तू? मंग तिना दारवर कोन जाई?"

आमच्याकडे कुणी वारलं की त्या घरी भेटायला, दारवर, जावंच लागतं. वैर असलं तरी. पप्पा निमूटपणे हातपाय धुवायला गेले.

साक्ष व्हिडिओ कॉलवर झाली. मराठी दुभाषी जोडून दिली होती. गोळा कुठून आला, रांग कुठवर होती, मी सगळं सांगितलं. गुन्हेगारांना शिक्षा होईल का, असंही विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, सांगता येत नाही, पण साक्षीशिवाय नक्कीच होणार नाही.

मग तिनं आजीचं नाव विचारलं.

मी तिला त्यांच्या भाषेत 'आजी'च म्हणायचे. मोठ्या माणसाला नाव काय विचारायचं, या वळणात वाढलेली मी. इतके दिवस तिच्या हातचं खाल्लं आणि नाव विचारलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले. बाईनं लिहून घेतलं आणि दुभाषीनं मला वाचून दाखवलं: "एक वृद्ध स्त्री, ओळख अज्ञात."