टेबलावरची टकटक

आमच्या ऑफिसात नव्या माणसाला कॉम्प्युटरचा पासवर्ड नंतर सांगायचे, आधी टकटक शिकवायचे. ताईंशी बोलायचं असेल तर मूठ वळून टेबलावर दोनदा ठोकायचं, त्यांनी मान वर केली की मगच तोंड उघडायचं. आणि हे का करायचं, ते बाहेर कुणाला सांगायचं नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आमचा कारखाना. तयार माल गाडीत भरून पाठवायचा, त्याची सगळी व्यवस्था आमच्याकडे. ऑफिस म्हणजे कारखान्याच्या पोटातली पत्र्याची खोली आणि मधोमध सागाचं एकच अवाढव्य टेबल. सगळे त्याच्याभोवती बसायचो. एका टोकाला ठोकलं की दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या मनगटाला कळायचं. ताईंना ऐकू फारच कमी यायचं. कानाला मशीन लावून पाहिलं होतं त्यांनी, पण त्यात आमच्या बोलण्याआधी कारखान्याचा खडखडाटच घुसायचा. शेवटी ते डबीत गेलं. समोरच्याचे ओठ आणि टेबल, एवढ्यावर त्यांचं सगळं झकास चालायचं.

ताई धसईच्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या. आईबाप दर हंगामाला वीटभट्टीवर जायचे, त्यांच्याबरोबर ह्याही. त्या घरातून शिकून ऑफिसात बसलेल्या ह्या पहिल्याच. मी किन्हवलीहून एसटीने यायची, त्या धसईहून. माझ्याआधी पोचलेल्या असायच्या आणि आपली खुर्ची ओल्या फडक्याने पुसत असायच्या. मी एकदा चिडवलं, "ताई, खुर्चीची पूजा करता का हो रोज?" तर हसून म्हणाल्या, "आमच्यात कोनाला खुर्ची नव्हती गो. मला हाय. रिटायर होईन ती हिच्यावरूनच."

बाकी काही मागणं नव्हतं त्यांचं.

त्या टेबलावर गलका चालायचा, हे मी कबूल करते. भाजीच्या वाट्या फिरायच्या, कुणाच्या सासूचा उद्धार व्हायचा. पण त्या गलक्यातच कामं व्हायची. कुणी म्हणायचं, "वाशिंदचा माल भरायला घेते," की पलीकडून लगेच, "अगं, तो कालच गेला!" चूक टेबलावरच पकडली जायची, फाटकापर्यंत पोचायचीच नाही.

मग नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी आमची खोली पाहिली आणि कळवळलेच. एवढ्या गोंगाटात, उकाड्यात तुम्ही काम तरी कसं करता, म्हणाले. पावसाळा सरेपर्यंत वरच्या मजल्यावर नवीन ऑफिस तयार. एसी, जमिनीवर मऊ गालिचा, प्रत्येकाला वेगळं छोटं टेबल, मध्ये कापड लावलेली पार्टिशनं आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. लक्ष विचलित होणार नाही, काम दुप्पट होईल, असं त्यांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवून समजावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. एसीचं कौतुक मलाही होतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच दिवशी मी सवयीने ठोकलं. ताई शेजारच्याच टेबलाशी होत्या, पण पार्टिशनच्या पलीकडे. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं टेबल वेगळं होतं.

त्यानंतर ऑफिस शांत झालं आणि काम बिघडत गेलं. बोलायच्या गोष्टी आता मेलवर जायच्या आणि मेल उघडेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची. एकाच पार्टीला दोनदा माल गेला. ड्रायव्हर फाटकाशी ताटकळत विड्या फुंकत बसायचे. हे सगळ्यांकडूनच होत होतं, पण नजरेत ताईच आल्या. मॅनेजर मागून येऊन विचारायचे आणि ह्या उत्तरच देत नसत. कधी चाहूल लागली तर वळून गोड हसायच्या आणि "हो सर" म्हणायच्या.

मी म्हटलं, "ताई, सांगून टाकू या." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नाय गो. बहिरी म्हनलं की संपलं. मग मी कामाची नाय, दयेची व्हते."

मग ती गाडी गेली. माल भिजला होता. मॅनेजरांनी मागूनच ताईंना सांगितलं, गाडी थांबवा, आणि ते पुढे गेले. ताई कीबोर्ड बडवत होत्या. भिजलेला माल पार्टीच्या दारात पोचला, ऑर्डर हातची गेली. सगळ्यांसमोर मॅनेजर विचारत होते, "तुम्हाला सांगितलं होतं की नाही?" ताई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो सर. सांगितलं होतं. माझं चुकलं."

मला राहवलं नाही. केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. कान, टकटक, टेबल, सगळं. मॅनेजरांचा चेहरा उतरला. खरंच वाईट वाटलं त्यांना. मी म्हटलं, "सर, खालचं टेबल भंगारच्या शेडमध्ये पडलंय. ते तेवढं वर आणा. बाकी काही नको." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग खूप मायेने म्हणाले, "अशा बाईंना कारखान्यात ठेवणं त्यांच्याच जिवाला धोक्याचं आहे. आधी का नाही सांगितलंत? त्यांना आपण सन्मानाने निरोप देऊ."

ताई मला म्हणत होत्या तेच खरं निघालं. त्या माझ्यावर रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मी निदान पाया पडले असते.

निरोपाच्या दिवशी ताई नवी साडी नेसून आल्या. खुर्ची पुसली. केक आला. मॅनेजर म्हणाले, "उठू नका ताई, बसा, तुमच्याच खुर्चीवर बसा." ते त्यांनी समोरून सांगितलं, म्हणून ताईंना कळलं. पण पार्टिशनमुळे सगळ्यांना उभं राहायला जागा फक्त मागेच होती. आम्ही मागे गोळा झालो आणि मॅनेजर तिथूनच बोलू लागले. चांगलं बोलले. निष्ठा, कष्ट, वेळेची शिस्त. त्यांचा आवाज भरून आला होता. एवढं सगळं सांगूनही माणूस विसरला होता, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

ताई भिंतीकडे तोंड करून, पदर सारखा करत, वाट बघत बसल्या होत्या.

मी बाजूच्या टेबलावर ठोकलं. पुन्हा जोरात ठोकलं. हाताची सालटी निघाली. खाली गालिचा, मध्ये कापड. टाळ्या वाजल्या तेव्हा मी पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या वळल्या. आम्हा सगळ्यांना बघून लाजल्या, हसल्या, हात जोडून ताठ बसल्या.

"बोला ना सर," त्या म्हणाल्या. "आयकते मी."

सर बोलून झाले होते.