पाय नसलेली चिप

"याचे पाय कुठं आहेत, सर?"

नवी चिप हातात दिली की ताई ती उलटी करून उजेडात धरायच्या आणि हे विचारायच्या. बाजारात बैल घेताना लोक खूर पाहतात ना, तशा.

बिबवेवाडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं छोटं वर्कशॉप होतं. मालक, मी आणि ताई, एवढीच माणसं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी आम्ही घंटी बनवायचो. रुग्णाने उशाजवळचं बटण दाबलं की ती दुसऱ्या खोलीत वाजायची. सर्किट बोर्डही घरगुती. तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने नकाशा उमटवायचा, प्लास्टिकच्या टबात बुडवून रसायनाला नको असलेलं तांबं खाऊ द्यायचं, भोकं पाडायची. त्यापुढचं सगळं, म्हणजे एकेक भाग सोल्डरचा डाग देऊन बसवणं, ताईंचं.

ताई यवतमाळकडच्या. पुण्यात येऊन वीस वर्षं सोल्डरिंगच करत होत्या. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला 'सर' म्हणायच्या. बोर्ड पूर्ण झाला की कोपऱ्यात मार्करने बारीकसा 'त' काढायच्या. मी एकदा विचारलं, "हे कशाला?"

"आपण केलेलं आपलं म्हणावं लागते," त्या म्हणाल्या.

आमच्या घंटीचा मेंदू म्हणजे एक मायक्रोकंट्रोलर चिप. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय असलेली ती लांबुडकी वस्तू तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. ताई तिला 'गोम' म्हणायच्या. मालकांना डबी लहान हवी होती, म्हणून मी नवं डिझाइन करायला घेतलं. तीच चिप आणखी दोन रूपांत मिळत होती. एक चपटी, बारीक पाय बाहेर पसरलेली. दुसरी नखाएवढी, बिनपायाची. तिचे जोड पोटाखाली. मी दोन्ही ताईंपुढे ठेवल्या.

चपटीकडे बघून त्या हसल्या. "हा नाकतोडा. भिंग लावून करीन मी." मग दुसरी बोटाच्या टोकावर घेतली. "अन् ही टिकली हो? कपाळाला लावू का?"

मीही हसलो. पण त्या गंभीर झाल्या. "नाही जी सर. खाली सोल्डर बसला की नाही, मले दिसणार नाही. आपले बोर्ड घरचे. नाकतोडाच घ्या."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. पण टिकलीचं चित्र मी आधीच मालकांना दाखवून बसलो होतो. "काय सुबक आहे हो," असं ते म्हणाले होते. आता जाऊन 'सोल्डर करणाऱ्या ताई नको म्हणतात' असं सांगायचं? मी इंजिनिअर होतो ना!

"जमेल तुम्हाला," मी म्हणालो.

त्यांनी जमवलं. गरम हवेच्या गनने एकेक टिकली बसवली, प्रत्येक घंटी वाजवून पाहिली, कोपऱ्यात 'त' काढला.

दोन महिन्यांनी एक गृहस्थ घंटी घेऊन आले. त्यांचे वडील भर दुपारी पलंगावरून पडले होते. बटण हातात होतं, दाबत राहिले. हे गृहस्थ शेजारच्याच खोलीत होते. संध्याकाळी चहा द्यायला गेले, तेव्हा त्यांना वडील जमिनीवर दिसले. गृहस्थ ओरडले नाहीत. घंटी टेबलावर ठेवून निघून गेले.

मालकांनी डबी उघडली. मीटर लावल्यावर कळलं, चिपखालचा एक जोड सुटला होता. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या 'त'कडे गेलं.

"हे काम कोणाचं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एखाद्याला बोलायला जेवढा वेळ द्यावा तेवढाच. मी लॅपटॉपमध्ये मान घालून बसलो. काय शोधत होतो कोण जाणे.

"माझंच आहे जी," ताई म्हणाल्या.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

त्यांनी आपलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, भिंग पुडक्यात बांधलं आणि गेल्या.

ताईंच्या जागी नवा मुलगा आला. पुढच्या डिझाइनमध्ये मी गुपचूप नाकतोडा घातला. त्यानंतर एकही घंटी परत आली नाही. मालक म्हणाले, "बघा, माणूस बदलल्यावर कसा फरक पडला!" मी पुढच्या बोर्डचा नकाशा काढायला घेतला.

गेल्या वर्षी अप्पर इंदिरानगरच्या बाजूला एका खानावळीत डबा सांगायला गेलो. आत तीन बायका पोळ्या करत होत्या. त्यातली एक पीठ लागलेल्या हातांनीच उठून बाहेर आली.

"अहो सर! बसा ना. जेवले का?"

मला पळून जावंसं वाटलं. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर त्या मागे वळून बाकीच्या बायकांना सांगत होत्या, "हे आमच्या कंपनीतले सर. लई मोठे इंजिनिअर. एवढी वर्षं संग काम केलं, पण मले कधी एका शब्दानं बोलले नाहीत."

मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि आत जाऊन पुढची पोळी लाटायला घेतली.