कोचीच्या गाईडबाई

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली काही जोडपी मिळून आम्ही क्रूझला गेलेलो. कोचीला जहाज लागलं. शहर दाखवायला बसमध्ये एक गाईडबाई होत्या. दुपारी आमचे सेक्रेटरी बायकोसोबत मसाल्याच्या दुकानात रमले. जहाज सुटायची वेळ होत आली, तेव्हा गाईडबाई उन्हात गल्लोगल्ली फिरून त्यांना शोधून घेऊन आल्या.

बसमध्ये बसताच सेक्रेटरी मराठीत म्हणाले, "हिला कुणीही टिप द्यायची नाही. भर दुकानातून मला हाकलत आणलं."

बंदरावर उतरताना सगळे त्या बाईंकडे न बघता पुढे गेले. मी थांबले आणि त्यांच्या हातात पैसे ठेवले.

"वहिनी, ग्रुपचं ठरलं होतं ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तुमचं ठरलं होतं. त्या नसत्या तर तुम्ही कोचीतच राहिला असतात."

जेवताना आमच्या टेबलावर कुणी बसलं नाही. "कशाला त्यांच्या तोंडी लागतेस?" नवरा म्हणाला. ठाण्याला परतेपर्यंत मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलेलं होतं. मला वाईट वाटलं नाही, रागच आला. तो अजून गेलेला नाही. लिफ्टमध्ये सेक्रेटरी दिसले की मी बाहेरच थांबते.