पाणी न विचारणारं दार

रेहाना मॅडमची आणि माझी ओळख एका विचित्र प्रश्नानं झाली. महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी नुकताच लागलो होतो. मानसशास्त्राच्या या प्राध्यापिका तडक आत आल्या आणि बसण्याआधीच म्हणाल्या, "सर, माणसाच्या हाताचा रंग बदलता येतो का तुमच्याकडं?" मी पाचोडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. म्हणालो, "आमच्याकडं ते काम ऊन करतं." मॅडम हसल्या नाहीत. "काळा करायचाय. आणि बघणाऱ्याला तो स्वतःचाच वाटला पाहिजे," एवढं सांगून त्या कामालाच लागल्या.

आपल्या शहरात आफ्रिकेतून पुष्कळ मुलं शिकायला येतात. त्यांना खोली देताना आपण कसे वागतो आणि ते वागणं बदलतं का, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढवला की आरशात स्वतःच्या जागी काळा चेहरा दिसायचा, हात हलवला की काळा हात हलायचा. पुढं एक गल्ली, एक दार, आणि नकार देणारी घरमालकीण. मी त्या चष्म्याला झापड म्हणायचो. "झापड बैलाला दिसू नये म्हणून बांधतात, सर. हे उलटं आहे," असं मॅडम दर वेळी बजावत, आणि मी दर वेळी झापडच म्हणे.

त्या नकाराच्या चित्रीकरणात आमची पार दमछाक झाली. घरमालकीण म्हणून उभ्या केलेल्या प्रयोगशाळेच्या मावशी "खोली नाही" असं ठणकावून सांगायच्या आणि लगेच, "उन्हाचे आलात, पाणी घ्या," म्हणून आत वळायच्या. दुसऱ्या बाईंनीही तेच केलं. खोली नाकारायला कुणाचीच हरकत नव्हती, पण दारात आलेल्याला पाणी न विचारता परत पाठवणं कुणाला जमेना. शेवटी मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी दार उघडलं, समोरच्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, "रिकामी नाही" म्हणाल्या आणि दार लावलं. एका दमात झालं. मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बाईला हे कसं काय जमलं बया."

पुढं दुष्काळ पडला. जायकवाडीचा तळ दिसू लागला होता आणि शहर मात्र पैठण रस्त्यानं पसरतच होतं. नव्या सोसायट्यांत नळ होते, पाणी नव्हतं; सारी भिस्त टँकरवर. अशाच एका सोसायटीत इद्रिस हा सुदानचा विद्यार्थी मित्रासोबत राहायचा. चष्म्यातल्या आरशात दिसणाऱ्या मुलाची चाल त्याच्यावरूनच घेतली होती. एका सकाळी सोसायटीची टाकी रिकामी सापडली आणि सगळी बोटं त्या दोघांकडं वळली. परीक्षा तोंडावर आलेली, आणि संध्याकाळच्या बैठकीत त्यांना उद्याच खोली सोडायला सांगायचं ठरत होतं. मॅडम मला घेऊन तिथं गेल्या.

वातावरण तापलेलं होतं. "ही पोरं लई पाणी सांडतात," एक जण म्हणाला. "तुमी पाह्यलं का?" "पाह्यला कशाला पायजे, समजतंय की." इद्रिस जिन्यापाशी उभा होता. "अंकल, हम एक बालटी में चला लेंगे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. उद्या हे पोरगं पुस्तकं घेऊन जाणार कुठं?

मॅडमनी वाद घातला नाही. चेअरमन गंगाधररावांना म्हणाल्या, "भाऊ, मत द्यायला हात वर करायच्या आधी हे एकदा डोळ्यांवर लावा." लोक कुरकुरले, एक जण तावातावानं उठून गेला. गंगाधररावांनी चष्मा चढवला. आरशापुढं हात उलटसुलट करून पाहिले, मग समोरचं दार वाजवलं. खेळ संपला तरी ते तसेच उभे राहिले. चष्मा काढला तेव्हा चेहरा संतापानं लाल झाला होता.

"मॅडम, तुमी मला पाणीसुदिक विचारलं नाय."

"व्हय भाऊ," मॅडम इद्रिसकडं बोट दाखवत शांतपणे म्हणाल्या. "याला कुणी विचारलं होतं?"

गंगाधररावांनी चष्मा मॅडमच्या हातात परत ठेवला. मग इद्रिसकडं न बघताच म्हणाले, "परीक्षा होईस्तोवर ऱ्हाऊ द्या." टाकी कशानं रिकामी झाली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

या घटनेचा डांगोरा पिटावा असं मला फार वाटत होतं. मॅडमनी साफ नकार दिला. प्रयोगात चष्मा लावलेल्यांपैकी काही जण निवळले होते, काही तसेच राहिले होते, आणि काहींच्या मनातली अढी तर उलट वाढली होती. मॅडमनी शोधनिबंधात तिन्ही गोष्टी सारख्याच ठळकपणे लिहिल्या. "यंत्र दारापर्यंत नेतं, सर. पुढचं ज्याचं त्यानं," असं त्या म्हणत. मला या सचोटीचा राग यायचा, आणि अभिमानही तितकाच वाटायचा.

मॅडमच्या घरी कुणीही गेलं तरी नाव-गाव विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. एकदा तो हातात घेऊन मी धीर केला आणि विचारलं, "त्या दिवशी ते दार तुम्हाला एका दमात कसं जमलं?"

"नोकरीला लागले तेव्हा याच शहरात खोली शोधत फिरले होते, सर," मॅडम म्हणाल्या. "नाव सांगितलं की दार लागायचं. ते बोलणं पाठच होतं मला. त्या दिवशी फक्त उंबऱ्याच्या आतून म्हटलं."

मॅडम आज साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, आणि ते पाठ झालेलं बोलणं पार विसरून जाता येईल एवढं दीर्घ आयुष्य मिळो.