मागली बाजू कोणी पाहिलेली नाही

शेटे गुरुजींनी त्या दिवशी सायकल काढली नसती, तर मी आजही बिनलग्नाचा असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा माझ्या मूर्खपणाचं वर्णन सुरू झालं की उपकार सांगायचे राहून जातात.

लढाई चालू होती. मी मूळचा वडूजचा, चौथीतनं शाळा सोडलेला, आणि आजच्यासारखाच तेव्हाही घरापासनं लांब, इथं जबलपूरला, लष्कराच्या डेपोत पेट्या रचत होतो. घरी माझ्या लग्नाचं बघत होते. दोन स्थळं मोडली होती ("पल्टनीतला जावाई म्हंजे उडतं पाखरू!"). तिसरं स्थळ विट्याचं. बापूरावांची शेवंता. पोरगी सहावी शिकलेली, म्हणजे माझ्यापेक्षा दोन यत्ता वर! बापूरावांनी निरोप धाडला, "पोराचा फोटू बघू, मग बोलू."

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या शेटे गुरुजींचं पत्र आलं. शाळेत ग्रहताऱ्यांचं एकही चित्र नाही, फळ्यावर खडूनं चंद्र काढला की पोरं "भाकरी! भाकरी!" ओरडतात, तिकडं दुर्बिणीतनं घेतलेला चंद्राचा फोटो मिळाला तर बघ.

आणि मिळाला की! बदली झालेला एक गोरा सार्जंट नको ते सामान वाटत होता, त्यात तो निघाला. चंद्राचा अगदी जवळनं घेतलेला तुकडा. गोल नाही, कडा नाही, नुसते खड्डेच खड्डे. फोटोच्या मागं छापलेलं इंग्रजी डेपोतल्या बाबूनं समजावून सांगितलं, ते मी गुरुजींच्या पत्रात मराठीत उतरवलं.

आता दोन पाकिटं. एकात माझा फोटो, बापूरावांना. दुसऱ्यात चंद्र, गुरुजींना. मायना मात्र दोन्हीकडं एकच: "तीर्थरूप यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि." चौथीत तेवढाच शिकलो होतो. बाकीचे मायने पाचवीला होते!

पाकिटं भरली आणि मला शंका आली. (मला शंका येतेच. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो.) उघडली, बघितली, परत भरली. पुन्हा शंका. पुन्हा उघडली. चौथ्या खेपेला डिंक लावला तेव्हा माझी पक्की खात्री होती, की आता चूक होणं शक्यच नाही.

पंधरवड्यानं तात्यांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पत्र आलं. एकच ओळ: "तुझ्या तोंडाला काय झालं ते खरं कळव, आई जेवत नाही."

मी आरशाकडं धावलो. तोंड होतं तसंच होतं. आईनं जेवण सोडण्याइतकं काही नव्हतं!

विट्याला काय झालं ते मला पुढं रजेत कळलं. घरात वाचता येणारी शेवंता एकटीच, म्हणून तिनंच सगळ्यांसमोर पत्र वाचलं.

"'आपण ज्याच्याविषयी विचारले होते, तो हा. फोटो फार जवळून घेतल्याने तोंडावरचे खड्डे मोठे दिसतात.'"

"देवी आल्या आस्तील गं पोराला," तिची आई कळवळली.

"'लांबून पाहिल्यास तेज दिसते. पण ते त्याचे स्वतःचे नव्हे, दुसऱ्याच्या जिवावरचे आहे.'"

"म्हंजे बसून खातोय!" बापूराव म्हणाले.

"'त्याच्यात पाणी नाही.'"

"त्ये दिसतंयच की!"

"'पंधरा दिवस चढतो, पंधरा दिवस उतरतो.'"

"पंधरा दिवस?" बापूराव ताडकन उठले. "आमच्या पाटलाची सुदिक सकाळपत्तुर उतरती रं!"

"'जगाला एकच बाजू दाखवतो. मागली बाजू आजवर कोणी पाहिलेली नाही. तरी आपण सर्व मुलांना एकेक करून दाखवावा.'"

बापूरावांनी पटका बांधला आणि तडक वडूज गाठून तात्यांना दारातच सुनावलं, "तोंडाचं ऱ्हाऊं द्या, पर मागच्या बाजूला काय झालंय त्ये तरी सांगा!"

तिकडं शाळेमागच्या खोलीत गुरुजी माझा फोटो हातात घेऊन घामाघूम झाले होते. माझं पत्र म्हणत होतं, "आपल्या कन्येस फुलासारखी जपेन."

"आवं, पर आपल्याला पोरगी हाय कुठं?" गुरुजींच्या मंडळी विचारत होत्या. "तिन्ही पोरगेच हायत!"

"त्येच म्हंतोय मी!" गुरुजी म्हणाले. बापूराव तात्यांच्या दारात काय बोलून गेले ते गावभर झालंच होतं; ते आठवून त्यांनी कपाळावर हात मारला, आणि सायकल काढली. वडूज ते विटं, उन्हाचं, मधे दोनदा पंक्चर!

घामानं निथळत त्यांनी बापूरावांना सगळा उलगडा केला. "पोरगं सोन्यासारखं हाय. सुपारी सुदिक खात न्हाई. ह्यो चंद्र हाय, बापूराव, चंद्र! तुमचा जावाई ह्यो बघा." आणि माझा फोटो पुढं केला.

बापूराव हसले. शेवंताच्या आईनं सुस्कारा सोडला. शेवंतानं फोटो घेतला, दाराशी उजेडात नेला, बराच वेळ बघितला.

"दादा," ती बापूरावांना म्हणाली, "त्यापरीस पयलाच बरा हुता."

सगळे गारठले. मग तीच म्हणाली, "पर चालंल. चंद्राची पाठ कुणाला दिसती? ह्येची तरी दिसंल."

लग्न झालं. चंद्र मात्र शेवंतानं परत दिलाच नाही, काच लावून भिंतीवर टांगलाय. "मी पसंत केल्याला ह्यो," म्हणते, "तुमी नंतर आलासा." शाळेत चंद्रासाठी ठोकलेल्या रिकाम्या खिळ्याला गुरुजींनी शेवटी माझा फोटो अडकवला, आणि पोरं अजून त्यात खड्डे शोधतात. (सापडतात, असं कळतं.)

गुरुजी, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. शाळेला दुसरा चंद्र मी कधी ना कधी धाडीनच. पाकीट मात्र शेवंता भरील. आणि मी ते उघडून बघणार नाही!