एकफटके आणि शेवटची कोरी ओळ

विरंगुळा केंद्रात सगळे त्याला एकफटके म्हणत, आणि तो बिचारा ते कौतुक समजत असे. अर्धं कौतुक होतंही. उरलेलं अर्धं असं, की कप धुवायला घेतले तरी हा माणूस सगळे एकदम नळाखाली ढकलायचा आणि दर खेपेला एखाद्याचा कान तुटायचा. केंद्रातल्या निम्म्या कपांना कान नव्हते. ते कोणामुळे, हे विचारायची गरज पडत नसे.

तो केंद्राचा डेटाबेस सांभाळायचा. केंद्र म्हाताऱ्या माणसांचं. सकाळी एक बस घरोघर फिरून आजीआजोबांना गोळा करायची. कोणाच्या दारी आधी जायचं हा क्रम डेटाबेसमध्ये एका अ‍ॅरेत ठेवलेला होता. अ‍ॅरे म्हणजे फार काही थोर नव्हे, एकाच कप्प्यात ओळीने उभी केलेली माणसं. त्या ओळीचा रोज कागद छापला जाई आणि ड्रायव्हर त्या कागदाबरहुकूम बस हाकी.

एकफटके कामावर आला तेव्हा ही ओळ बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, भलतीच सोशिक होती. शेवटच्या आजोबांना पुढे आणायचं, तर ती त्यांची शेजारच्याशी अदलाबदल करायची, ते लिहून ठेवायची, मग पुढच्या शेजाऱ्याशी अदलाबदल, पुन्हा लिहिणं. आजोबा पुढे पोचेपर्यंत ड्रायव्हरची एक डुलकी काढून व्हायची. एकफटकेचं डोकंच फिरलं. त्याने ती स्क्रिप्ट मोडीत काढली. आता ओळीचे तुकडे करायचे, हवं ते माणूस उचलायचं, तुकडे नव्या क्रमाने जोडायचे आणि एकदाच लिहायचं. एका वाक्यात खेळ खलास.

"एकाला हलवायला अख्ख्या गावाला कशाला उठवायचं?" असं तो जो भेटेल त्याला ऐकवायचा. ड्रायव्हरला तर त्याने इतक्यांदा ऐकवलं, की याला पाहताच तो बोनेट उघडून आत डोकं घालायचा.

काम झटपट होतं म्हटल्यावर वशिले सुरू झाले. प्रत्येक मुलाला आणि सुनेला आपलं माणूस शेवटी चढायला हवं होतं, कारण पहिला चढतो तो गावभर हिंडून मग केंद्रात टेकतो. एकफटके सगळ्यांना वाटेला लावायचा. "क्रम रस्त्याप्रमाणे लागतो, ओळखीप्रमाणे नाही," असं मान ताठ करून सांगायचा, आणि ते वाक्य त्याला फार आवडायचं.

गोची एकच होती. रस्त्याप्रमाणे पहिला नंबर लागत होता त्याच्याच आईचा, कारण बस जिथे उभी राहायची ती जागा त्यांच्या घरामागेच होती.

एका दुपारी ताईचा फोन आला. "तू तिथे बसून काय माश्या मारतोस का रे? आई त्या खटाऱ्यात तासभर हिंडते. गुडघे आखडतात तिचे."

"आई काही म्हणाली का तुला?"

"आई कधी काही म्हणते? तुला कळायला नको?"

हे त्याला झोंबलं. आता शहाण्या माणसाने आईला विचारलं असतं. पण विचारायचं आणि मग करायचं म्हणजे दोन फटके झाले. शिवाय नेहमीच्या पडद्यावरून क्रम बदलला, की व्यवस्थापक बाईंना कळायचं, आणि मग त्या ताठ मानेचं काय झालं असतं? म्हणून गुपचूप थेट डेटाबेसमध्येच हात घातला गडी.

आता एक बारीकशी भानगड समजून घ्या. या डेटाबेसात ओळीची मोजणी एकापासून होते. एकफटके आधीच्या नोकरीत जी भाषा लिहायचा, तिच्यात ती शून्यापासून व्हायची. तुकडा कापताना त्याने अगदी बोटं मोजून कापला, दुसऱ्या माणसापासून शेवटपर्यंत. मग त्याच्यामागे जोडायला पहिल्या जागेवरून आईला उचलायला गेला, आणि तिथे जुन्या सवयीने बोट शून्यावर पडलं. शून्याव्या जागेवर कोणीच नव्हतं. डेटाबेसने हूं की चूं केलं नाही. त्याने ते 'कोणी नाही' उचललं आणि इमानदारीत शेवटच्या जागी नेऊन बसवलं. एकफटकेने ओळीची लांबी तपासली. आधी होती तेवढीच भरली, कारण 'कोणी नाही' हेही तिथे एक जागा अडवून बसतं. स्वतःवर खूश होऊन तो कप धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आईच्या आधी घराबाहेर पडला. बस आली तेव्हा मुद्दाम दारात येऊन उभा राहिला. सगळे उतरले, आई उतरली नाही. नेमका त्या दिवशी बदलीचा ड्रायव्हर होता.

"शेवटची बाई कुठे आहे?"

"कुठली बाई? शेवटी कोरी ओळ होती साहेब. मला वाटलं, प्रिंटरला उचकी लागली."

एकफटकेने स्कूटर काढली आणि घर गाठलं.

आई पायरीवर बसली होती. नीट विंचरलेले केस, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"बस समोरून गेली," ती म्हणाली. "मी हातही केला. थांबला नाही तो."

"अगं..."

"मला काढलं ना रे? परवा पत्ते खेळताना त्या मास्तरीणबाईंना मी रडूबाई म्हटलं, त्यांनीच चुगली केली असणार. काढा बापडे, पण सांगायचं तरी. मी आपली वेड्यासारखी बसून राहिले."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मास्तरीणबाईंनी नाही, मी घोळ घातला. तुला शेवटी चढता यावं म्हणून हलवायला गेलो आणि पाडून बसलो."

"कोणी सांगितलं होतं हलवायला?"

"गुडघे..."

"गुडघे घरीही दुखतात." आई आता चांगलीच तापली. "अरे, पहिली चढते म्हणून तर मजा आहे! रिकामी बस असते आणि मी एकटी पुढे बसलेली. मग एकेक जण चढतो आणि मी म्हणते, या. तुझे बाबा गेल्यापासून आपल्या घरी 'या' म्हणावं असं येतं तरी कोण? तिथे रोज बसभर माणसं माझ्याकडे येतात."

एकफटकेने स्कूटर वळवून पायरीशी आणली.

तिला स्कूटरवर मागे बसवून त्याने केंद्रात आणलं. ती तडक त्याच्या खोलीत शिरली आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली. "आधी दाखव, मी कुठे आहे ते."

त्याने ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं.

आईने चष्मा सारखा केला. "ही मी? बारीक झाले की रे!"

तो हसला आणि लगेच त्याचे डोळे भरून आले. तिने पर्समधला रुमाल पुढे केला, वर "हळू कर आणि नीट कर" असा दमही दिला. त्याने तिला पुन्हा पहिल्या जागी बसवलं. मग दोनदा तपासलं, आणि लांबी नाही, एकेक नाव वाचून तपासलं.

पुढच्या दिवशी खात्री करायला म्हणून तोही बसनेच निघाला. आई चढली, दाराजवळच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली. तो तिच्या मागोमाग चढला आणि शेजारी टेकणार, तेवढ्यात तिने बाकावर हात ठेवला.

"या," ती म्हणाली. "पण तुम्ही मागे बसा. ही जागा मास्तरीणबाईंना ठेवलीय."